पिग्मी ७.२, कर्ज ४.११

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. ठेवी, कर्ज, भाग, पिग्मी, एसएमएस, दिवसअखेर आणि वर्षातून एकदाच, पण वार्षिक सभेच्या आदल्या रात्री हमखास लागणारा लाभांशाचा तक्ता. संस्थेच्या मॅनेजरसाहेबांना ही सगळी मिळून एकच वस्तू दिसते आणि तिला ते 'कॉम्प्युटर' म्हणतात. "कॉम्प्युटर चालंना झालाय" असा फोन आला की आमचं काहीतरी चुकलेलं असतं. पुण्यात आमच्या मजल्यावर मात्र त्या कॉम्प्युटरचे वाटे पडलेले आहेत. प्रत्येक मॉड्यूलला स्वतःची टीम आहे, स्वतःचा व्हर्जन नंबर आहे आणि त्या नंबराचा ताठा आहे. सध्या पिग्मी ७.२ वर आहे, ठेवी ५.० वर, कर्ज ४.११ वर, एसएमएस १.१० वर. ज्याच्या खांद्यावर हे सगळे उभे आहेत ते 'कॉमन' नावाचं मॉड्यूल अजून ०.८ वरच आहे.

पिग्मीवाले सातवर असल्यामुळे जरा तोऱ्यात वावरतात. वास्तविक पिग्मी सातवर गेली ती एजंटांमुळे. एजंट दारोदार फिरून पैसे गोळा करतात ते हातातलं मशीन वरचेवर बदललं आणि दर वेळी जुन्या मशीनशी बोलणारा कोड निकालात निघाला. म्हणजे सात याचा खरा अर्थ, आतापर्यंत सहा वेळा जुनं मोडून झालं. पण कँटीनमध्ये हा आकडा वयासारखा वापरला जातो. मोठा तो शहाणा. कर्जवाले चारवर आहेत, कारण त्यांनी फारसं काही मोडलेलं नाही. त्यांना आमच्याकडे 'लेगसी' म्हणतात.

माझं काम रिलीज नोट्स लिहायचं. आम्ही काय बदललं ते लोकांना कळेल असं सांगायचं, आणि फार कळणार नाही इतपतच सांगायचं. त्यामुळे कुठल्याच टीमशी माझं भांडण नसतं आणि सगळ्यांची भांडणं मला ऐकायला मिळतात.

तीन आकड्यांचं हे शास्त्र काही आमचं नव्हे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते नियमात बसवलं. 'सिमँटिक व्हर्जनिंग' हे त्याचं भारदस्त नाव, घरातलं नाव सेमव्हर. पहिला आकडा वाढला तर समजायचं की जुनं काहीतरी मोडलंय, जपून या. दुसरा वाढला तर नवीन काही आलंय, जुन्याला धक्का नाही. तिसरा वाढला तर नुसती चूक दुरुस्त केलीय. या नियमावलीची २०१३ सालची आवृत्ती आजही चालते आणि तिचा स्वतःचा नंबर २.०.० आहे. म्हणजे जुनं मोडलं तर जगाला कसं कळवावं हे शिकवणाऱ्या कागदाने स्वतःचं जुनं एकदा मोडून झालेलं आहे.

प्रत्यक्षात पहिला आकडा विक्रीवाले वाढवतात, कारण ४.११ विकायला जाणं आणि ५.० विकायला जाणं यात हॉटेलच्या दर्जाचा फरक पडतो. दुसरा आकडा दोन आठवडे संपले म्हणून वाढतो. तिसरा मात्र खरा असतो. तो शनिवारी रात्री वाढतो, आणि किती वाढलाय यावरून त्या टीमच्या घरची परिस्थिती ओळखता येते. एखाद्या मॉड्यूलपुढे ३.२.३७ दिसलं की त्यांच्या टीम लीडला मी घरच्यांचं काही विचारत नाही.

शून्याने सुरू होणाऱ्या नंबराला नियमावलीने खास मोकळीक दिली आहे: तिथे काहीही केव्हाही बदलू शकतं, कोणी कशावर विसंबू नये. कॉमनला हे कलम फार मानवलं. तारीख छापणं, रक्कम अक्षरी लिहिणं, व्याजाचे पैसे वर गोल करायचे की खाली ते ठरवणं, असली सगळी कामं त्यात आहेत. सगळे त्यावर विसंबून आहेत आणि त्याला मालक कोणी नाही. १.० केलं तर कोणीतरी शब्द दिल्यासारखं होईल, म्हणून कोणी १.० करत नाही. ०.८ हा त्याचा अटकपूर्व जामीन आहे. मोठ्या घरांतही असंच चालतं. फेसबुकचं रिअॅक्ट वर्षानुवर्षं शून्यावर होतं आणि अर्धं इंटरनेट त्यावर चालत होतं. शेवटी २०१६ मध्ये त्यांनी ०.१४ वरून एकदम १५.० केलं. शून्य पुसलं, टिंब एक घर उजवीकडे सरकवलं, आणि रात्रीतून पोर वयात आलं. त्याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, इमॅक्सवाल्यांनी १.१२ नंतर थेट १३ काढलं होतं. पुढचा एक काही केल्या बदलणार नाही हे त्यांना कळलं होतं, मग तो दर वेळी लिहायचा कशाला?

टिंबावरून आठवलं. एसएमएस मॉड्यूल १.९ वरून १.१० ला गेलं तेव्हा सांगली भागातल्या एका संस्थेच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला. ते मला साहेब म्हणतात आणि मी त्यांना. त्यामुळे दोघांपैकी तक्रार कोणाची आहे हे ऐकणाऱ्याला लवकर कळत नाही.

"साहेब, परवापर्यंत आमच्याकडं १.९ होतं. तुमच्या माणसानं काल १.१० टाकलंय."

"हो साहेब, नवीन आहे."

"नवीन कसलं? एक पूर्णांक नऊचं एक पूर्णांक एक केलंय. मागं कशाला नेलं?"

मी सांगितलं की ते दशांश चिन्ह नाही, ते दोन वेगळे आकडे आहेत आणि मध्ये नुसतं टिंब आहे. नवानंतर दहा येतात, तसे इथेही आले.

"असं होय," ते म्हणाले. थोडा वेळ कॅल्क्युलेटरच्या बटणांचा आवाज आला. "आमच्या व्याजाच्या दरात आम्ही असलं टिंब चालवलं, तर ऑडिटर आम्हाला सोडंल का हो?"

याचं उत्तर रिलीज नोट्समध्ये बसत नाही.

मॅनेजरसाहेब एकटे नाहीत, जगातले प्रोग्रामही असेच फसतात. २००९ मध्ये ओपेरा ब्राउझरचं दहावं व्हर्जन आलं, तेव्हा कित्येक वेबसाइट फक्त पहिला अंक वाचून मोकळ्या होत. दहातला एक वाचायचा आणि म्हणायचं, एवढं जुनं ओपेरा आम्हाला चालत नाही. शेवटी ओपेराने स्वतःची ओळख ९.८० अशी सांगायची ठरवलं आणि खरं वय शेवटी एका कोपऱ्यात घातलं. विंडोज ७ आतून ६.१ आहे, कारण पहिला आकडा ६ असेल तरच चालू, असं मनाशी धरून बसलेले प्रोग्राम बरेच होते. विंडोज ११ ला आतून विचारा, ते अजून १० सांगतं. सन कंपनीने २००४ मध्ये जावा १.५ ला बाहेर 'जावा ५' म्हणायला सुरुवात केली, आणि त्यानंतर आठापर्यंत जावा बाहेर आठ आणि आत १.८ असंच नांदलं. लिनक्सची तर कथाच निराळी. २.६ हा आकडा तिथे जवळजवळ आठ वर्षं ठाण मांडून होता. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने तो ३.० केला आणि स्पष्टच सांगितलं की यात विशेष नवं काही नाही, वीस वर्षं झाली एवढंच. पण काही प्रोग्राम '२.६' वाचल्याशिवाय चालायलाच तयार होईनात. मग त्यांच्यासाठी लिनक्समध्ये एक सोय केली: असा प्रोग्राम त्या सोयीखाली चालवला की ३.० ने आपण २.६.४० आहोत असं त्याला सांगायचं. जगातले निम्म्याहून अधिक सर्व्हर ज्याच्या जिवावर चालतात, त्याच्या गाभ्यात ही थाप अधिकृतपणे लिहून ठेवलेली आहे. पुढे ५.० केलं तेव्हा लिनसने दिलेलं कारण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं: हातापायाची बोटं पुरेनात.

एकट्या मॉड्यूलचं हे इतकं सगळं. पण एकटं असतं कोण?

आमच्या दिवसअखेर मॉड्यूलला पिग्मीही लागते आणि कर्जही. पिग्मी कॉमनचं ०.८ मागते, कर्ज ०.७ वर अडून बसलेलं, आणि एका संस्थेत दोन कॉमन नांदत नाहीत. मग जे आधी सापडेल ते सगळ्यांच्या माथी. एकदा असं झालं की ०.८ मध्ये गोल करायची रीत बदलली होती आणि कर्जाला ते माहीत नव्हतं. संध्याकाळी जमा-नावेत अकरा पैशांचा फरक आला. शहरातल्या माणसाला अकरा पैसे म्हणजे काही वाटत नाही. पतसंस्थेत अकरा पैसे जुळेपर्यंत शिपायासकट कोणी घरी जात नाही. कॅशियर बाईंनी पर्समधून रुपया काढून दिला तरी चालत नाही, मग एकोणनव्वद पैसे जास्त होतात. रात्री उशिरा आमच्याकडे कळलं की पिग्मीचं खरं आहे, कर्जाचंही खरं आहे, फक्त दोघांचं एकत्र खरं नाही. कर्जवाले म्हणाले, तुम्ही दुसरा आकडा वाढवलात, म्हणजे जुन्याला धक्का नाही असा तुमचा शब्द होता. कॉमनच्या वतीने बोलायला कोणी नव्हतंच, पण कोणीतरी आठवण करून दिली की ते शून्यावर आहे. शून्यावर शब्द नसतो.

अशा वेळी जगात दोन पंथ पडतात. सगळ्या मॉड्यूल्सना एकच नंबर द्यावा हा एक, ज्याचा त्याला द्यावा हा दुसरा. लर्ना नावाचं एक अवजार बेबल प्रकल्पाच्या गरजेतून निघालं, त्यात या दोन्ही पंथांसाठी दोन बटणं आहेत, 'फिक्स्ड' आणि 'इंडिपेन्डन्ट'. अवजार करणाऱ्यांनी शहाणपणाने बाजू घेतलेली नाही.

दुसऱ्या पंथातून पहिल्या पंथात झालेलं सगळ्यांत गाजलेलं धर्मांतर गूगलच्या अँग्युलरचं. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं. आत बरीच मॉड्यूल्स, त्यातलं एक राउटर, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं पान दाखवायचं ते बघणारं. हे राउटर इतक्या वेळा मुळापासून पुन्हा लिहिलं गेलं की बाकी मंडळी २ वर असताना ते ३ वर पोचलं. प्रामाणिकपणे पोचलं, नियमाने मोडलं आणि नियमाने मोजलं. डिसेंबरात गाभ्याचं २.३.० आणि राउटरचं ३.३.० अशी परिस्थिती झाली. आता पुढचं मोठं व्हर्जन ३ म्हणून काढावं, तर राउटरने ४ व्हायला हवं, आणि 'अँग्युलर ३ मधलं राउटर ४' हे शिकवणाऱ्यांनी शिकवायचं कसं? मग ठरलं की ३ हा आकडाच खायचा. सगळ्यांनी एकदम ४ व्हायचं आणि तिथून पुढे हातात हात घालून चालायचं. मार्च २०१७ मध्ये अँग्युलर ४ आलं. अँग्युलर ३ जगात कधी आलंच नाही. त्या वर्षी पुण्यात मुलाखती घेणारे काही लोक मात्र "अँग्युलर ३ वर किती काम केलंय?" असं विचारत होते आणि उमेदवार "सहा महिने" असं सांगत होते.

मला त्या राउटरबद्दल फार वाटतं. नियम पाळला म्हणून सगळ्या घराला एक आकडा गिळावा लागला, आणि नियम पाळणाराच वात्रट ठरला.

अँग्युलरचं ऐकून आमच्या आर्किटेक्टांनी बैठक बोलावली: सगळ्यांना एकदम ८.० करू. फळ्यावर मोठा आठ काढला. पहिला निषेध पिग्मीवाल्यांनी केला. आम्ही एकेक आकडा रात्री जागून कमावला आणि हे बसल्या जागी आठवर? कर्जवाल्यांचा विरोध आणखी तात्त्विक होता. चारवरून आठवर गेलो तर ग्राहकाला वाटेल की आम्ही मध्ये चारदा काहीतरी मोडलं; आमची अब्रू आहे. ठेवीवाल्यांनी त्याच आठवड्यात ५.० ची टोपी छापून आणली होती. एसएमएसवाल्यांना मॅनेजरसाहेबांच्या फोनचा धसका होता, त्यामुळे टिंबानंतर एकच अंक येणार असेल तर ते कशालाही तयार होते. आणि कॉमन? ०.८ चं ८.०. नुसतं टिंब हललं. कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

शिवाय लाभांशाचा तक्ता होताच. त्यातली एक ओळही वर्षभर बदलत नाही. एकच नंबर म्हटल्यावर त्यानेही इतरांबरोबर दर पंधरा दिवसांनी ८.१, ८.२, ८.३ व्हायचं. त्याच्या रिलीज नोट्स मी काय लिहिणार? मी बैठकीत विचारलं, "नवीन काय, या शीर्षकाखाली काय घालू?" आर्किटेक्ट म्हणाले, "नंबर." त्यांना विनोद करायचा नव्हता. जगातली कित्येक पॅकेजेस आज याच एका कारणासाठी नव्याने प्रसिद्ध होतात.

बैठक पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाली. मानपान हाच खरा विषय होता, आणि मानपान म्हटलं की मला वऱ्हाड दिसायला लागतं. जावाच्या दुनियेत अशा एकत्र निघालेल्या मॉड्यूल्सना 'रिलीज ट्रेन' म्हणतात, पण गाडी वेळेवर सुटते, वऱ्हाड सुटत नाही, म्हणून वऱ्हाडच बरोबर. वऱ्हाडात प्रत्येकाचं वय वेगळं, थाट वेगळा, आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही हे ठरलेलं. मुहूर्त एकच. एक मामा येईपर्यंत बस हलत नाही, आणि ते आल्यावर कळतं की ते आलेच नसते तरी चाललं असतं. अशा गोंधळात एक माणूस असतो ज्याच्याकडे कोणी बघत नाही, फोटोतही तो नसतो. पण त्याच्या खिशात यादी असते. कोण आलंय, कोण कुठे उतरणार, आहेर कोणाकडे. सगळे तरून जातात ते त्या यादीवर.

जावाच्याच दुनियेतल्या स्प्रिंगच्या लोकांनी हे ओळखलं होतं. स्प्रिंग क्लाउडमधल्या प्रत्येक मॉड्यूलचा नंबर ज्याचा त्याचा, आणि वर एक यादी: अमुक हे इतकं, तमुक ते इतकं, हे सगळे एकमेकांबरोबर तपासलेले आहेत. यादीला 'बिल ऑफ मटेरियल्स' म्हणतात, बोलताना 'बॉम'. आता या यादीला नंबर द्यायचा तर तो कुठल्यातरी मॉड्यूलच्या नंबराशी टक्कर खाणार आणि गोंधळ होणार. म्हणून त्यांनी नावं दिली, लंडनमधल्या स्थानकांची, मुळाक्षरांच्या क्रमाने: एंजल, ब्रिक्स्टन, कॅम्डेन, डॉल्स्टन, एजवेअर, फिंचली, ग्रिनिच, हॉक्स्टन. यात एक कारागिरी अशी की नावामागची शेपटंही इंग्रजी अक्षरांच्या क्रमातच लावलेली होती. कच्चं बिल्ड 'बी'ने सुरू, मग माइलस्टोन 'एम'ने, मग 'आरसी', मग 'रिलीज', आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या 'एसआर'. यंत्राने डोळे झाकून वर्णानुक्रम लावला तरी रांग बरोबर लागते. एवढी नजर आमच्याकडे पत्रिकेतल्या नावांच्या क्रमालाच लागते.

त्यांच्याच स्प्रिंग डेटाने संगणकशास्त्रज्ञांची नावं घेतली: अरोरा, बॅबेज, कॉड, डायक्स्ट्रा असं करत लव्हलेस, मूर, नॉयमन. एक्लिप्सने त्याआधीच हा प्रयोग केला होता. २००६ मध्ये 'कॅलिस्टो' या नावाखाली दहा प्रकल्प एकाच दिवशी बाहेर काढले, पुढच्या वर्षी 'युरोपा' खाली एकवीस. गुरूचे चंद्र काही वर्षांत मागे पडले आणि मग मुळाक्षरं धरली: हेलिऑस, इंडिगो, जुनो, केप्लर, ल्यूना, मार्स.

आणि मग या सगळ्यांची एकाच ठिकाणी गाठ पडली. नावं गोड असतात, पण 'ग्रिनिच आधी की फिंचली' हे लंडनबाहेरच्या माणसाला सांगता येत नाही, आणि कधीतरी झेड येणारच. एक्लिप्स २०१८ मध्ये 'फोटॉन'पाशी थांबलं आणि त्यानंतरच्या व्हर्जनला नुसतं २०१८-०९ म्हणू लागलं. अँड्रॉइडने २०१९ मध्ये मिठाया सोडल्या. स्प्रिंग डेटा आणि स्प्रिंग क्लाउड दोन्ही २०२० मध्ये सालावर आले. आकड्यांना कंटाळून नावांकडे, नावांना कंटाळून कॅलेंडरकडे. सवय मात्र जात नाही. स्प्रिंग क्लाउड २०२०.० ला आतल्या आत 'इलफर्ड' म्हणतातच. हे २०२०.० प्रत्यक्षात आलं त्या वर्षीच्या डिसेंबरात. थोडे दिवस आणखी गेले असते तर नंबरच शिळा झाला असता.

कॅलेंडरचा धोका हाच. उबुंटूचा नंबर म्हणजे साल आणि महिना. ऑक्टोबर २००४ चं पहिलं व्हर्जन ४.१०. २००६ मध्ये एप्रिलचं व्हर्जन, म्हणजे ६.०४, काही आठवडे लांबलं. जूनमध्ये आलं. त्यांनी मुकाट्याने नंबर ६.०६ केला. उशिराची जाहीर कबुली नंबरातच. ही हिंमत आमच्या कंपनीला पेलणारी नाही. आमचा 'मार्च रिलीज' जूनमध्ये जातो तेव्हाही त्याचं नाव मार्च रिलीजच असतं. पतसंस्थांना यात काही वावगं वाटत नाही, त्यांचंही मार्चअखेर जूनपर्यंत चालतं.

या सगळ्या भानगडीतून सुटलेला माणूस एकच, डोनाल्ड क्नुथ. त्यांच्या टेक् या छपाईच्या प्रोग्रामचा नंबर दर दुरुस्तीगणिक पायच्या जवळ जातो: ३.१४, ३.१४१, असं करत २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३ झाला. पुढची तपासणी ते २०२९ मध्ये करणार आहेत. आपल्या मृत्यूनंतर नंबर थेट पाय करावा आणि उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं समजावं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. सुंदर आहे. पण त्यांना कोणी 'कर्जवाले काय म्हणतात बघा' असं सांगायला येत नाही.

आमच्याकडे शेवटी यादीवरच सगळं स्थिरावलं. ज्याचा त्याचा नंबर ज्याचा त्याला लखलाभ. रिलीज मॅनेजर मॅडम एक फाइल सांभाळतात, तीत लिहिलेलं असेल तेच एकत्र जाणार. बैठकीत कोण काय म्हणालं याच्याशी फाइलला देणंघेणं नाही. मला विचाराल तर हीच रीत खरी. नंबर हा टीमचा ताठा आहे, तो टीमने मिरवावा. ग्राहकाला फक्त कोणाचं कोणाशी पटतं तेवढं कळलं तरी पुरे. मात्र यादीला श्रम लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या तुकड्यातलं सुरक्षेचं ते प्रसिद्ध भोक सापडलं, तेव्हा त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी चार व्हर्जन्स ओळीने आली. प्रत्येक व्हर्जन आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती होतं. मॅडमनी फाइल बदलली, सगळ्यांना गाडीत बसवलं, तोवर पुढचं आलं. चौथ्या वेळी त्यांनी नंबर बदलताना ओठही हलवले नाहीत.

यादीत आणखी एक ओळ आहे, तिची कथा वेगळी. जावाचे तयार तुकडे जिथे ठेवलेले असतात त्या मेव्हन सेंट्रलचा नियम असा की एकदा ठेवलेलं परत काढता येत नाही आणि बदलताही येत नाही. चांगला नियम आहे. काल चाललेलं आज गायब होत नाही. पण ठेवताना काय ठेवलं तेही राहतं. कॉमन्स-आयओ नावाचा एक उपयोगी तुकडा आहे, फाइली वाचायला सगळेच वापरतात. त्याची चालू व्हर्जन्स २ ने सुरू होतात. पण फार पूर्वी कोणीतरी तारीखच नंबर म्हणून लिहून एक व्हर्जन तिथे ठेवलं: २००३०२०३.०००५५०. तीन फेब्रुवारी २००३, मध्यरात्रीनंतरची सहा-एक मिनिटं. यंत्राला तारीख कळत नाही, आकडा कळतो. २ पेक्षा तो मोठा आहे, म्हणजे तो नवा.

मागच्या पावसाळ्यात रुजू झालेल्या मुलाला काम दिलं होतं की जुने तुकडे शोधून अद्ययावत कर. त्याच्या अवजाराने बरोबर तेच सुचवलं. त्याने उत्साहाने बदललं आणि दिवसअखेर मॉड्यूलचं बिल्ड लाल झालं.

"सर, आपण किती मागे होतो माहितीय?" तो मला सांगत होता. "दोन वर होतो. सध्याचं दोन कोटी तीस हजारांच्या पुढे गेलंय."

मॅडम त्याला ओरडल्या नाहीत. त्यांनी यादीत एक ओळ लिहून दिली: या तुकड्याचं २००३ ने सुरू होणारं कुठलंही व्हर्जन सुचवलं गेलं तर दुर्लक्ष करावं. मुलगा नीट बघत होता. शिस्तीचा आहे तो, तात्पुरतं म्हणून घातलेलं काही कायमचं राहू नये असं त्याला कॉलेजात शिकवलंय.

"मॅडम, ही ओळ पुढे कधी काढायची?"

"त्यांचा पहिला आकडा दोन कोटी तीस हजार दोनशे तीनच्या पुढे गेला की काढ," मॅडम म्हणाल्या.

त्याने ते वहीत लिहून घेतलं.